वाचायला नेली, तीच वाचली
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात ‘पुस्तक कट्ट्या’च्या वतीने केलेले भाषण)



मला वीस मिनिटं दिलेली आहेत. त्यानंतर जेवण आहे, आणि तांबड्या-पांढऱ्याचा वास इथपर्यंत यायला लागलाय. त्यामुळं वेळेचं भान ठेवतो. छत्तीस वर्षं बँकेत काढली, घड्याळ बघून शटर ओढायची सवय अजून गेलेली नाही.

चेअरमनसाहेब मला म्हणाले, “काका, तुम्ही पुस्तकांवर बोला. कुणी काय वाचावं ते सांगा.” मी होकार दिला आणि यादी करायला बसलो. चांगली चाळीस पुस्तकांची यादी झाली. सूनबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, “बाबा, यादी कुणी ऐकणार नाही. तुम्ही कुणाला कुठलं पुस्तक दिलंत आणि पुढं काय झालं, ते सांगा.” सूनबाईंचं ऐकण्यात घराचं हित असतं, म्हणून यादी बाजूला ठेवली. तरी पाच-सहा पुस्तकांची नावं मी मध्ये मध्ये घेणार आहेच. तेवढी सवलत द्या.

आपला पुस्तक कट्टा कसा सुरू झाला, हे नवीन सभासदांना माहीत नसेल. संस्था नोंदली २००० साली, राहायला आपण आलो त्याच्या पुढच्या वर्षी. पहिली तीन-चार वर्षं पाण्याची टाकी, लिफ्ट आणि पार्किंग, एवढेच विषय होते. मग एका दिवाळीत बी विंगमधल्या एका वहिनींनी कल्पना काढली. प्रत्येक घरानं एकेक वेगळा दिवाळी अंक घ्यायचा आणि आठवड्यानं तो शेजारच्या घरी द्यायचा. मराठीत दिवाळी अंकाची चाल १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासून पडली, आणि एक अंक चार घरांत फिरणं हेही तेव्हापासूनच चालू असणार. अकरा घरांनी अकरा अंक घेतले. एका अंकाच्या पैशात अकरा अंक वाचायला मिळाले. बँकवाल्याला हा व्यवहार पसंत पडणारच.

अंक फिरवता फिरवता माणसं दारात उभं राहून बोलायला लागली. “ती दुसरी कथा वाचलीत का?” “त्या लेखात काही दम नाही.” दारातलं बोलणं चहापर्यंत गेलं आणि चहावरून पुस्तकांवर आलं. पुढं कुणी घरातली पुस्तकं दिली, कुणी वाढदिवसाला एखादं पुस्तक भेट दिलं. संस्थेच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी गच्चीवर कट्टा बसायला लागला. रजिस्टर माझ्याकडं आलं. तारीख, पुस्तकाचं नाव, फ्लॅट नंबर, सही, परत केल्याची तारीख. पंधरा दिवसांनंतर आठवड्याला एक रुपया दंड. वसुली कडक होती, हे जुने सभासद सांगतील.

आता थोडं मागं जातो. मी शिवाजी पेठेत वाढलो. घरात पुस्तक म्हणजे शाळेचं आणि पंचांग. वडिलांनी मला आठवीत असताना करवीर नगर वाचन मंदिराचं सभासद केलं. हे वाचनालय १८५० सालचं आहे. म्हणजे सत्तावन्नच्या उठावाआधी सात वर्षं आपल्या गावात लोकांनी वाचनासाठी संस्था काढली होती. कोल्हापूर म्हटलं की लोकांना तालीम, गूळ, चप्पल आणि मिसळ आठवते. ते ठीक आहे, मलाही आठवते. पण तालमीच्या गावात वाचनालयही तितकंच जुनं आहे, हे पोरांना सांगायला पाहिजे.

आणि हे गाव नुसतं वाचणारं नाही, लिहिणारंही आहे. वि. स. खांडेकर कोल्हापुरात राहिले. ‘ययाति’ १९५९ ची, आणि तिच्यासाठी मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. ‘मृत्युंजय’ लिहिणारे शिवाजी सावंत मूळचे आजऱ्याचे, आणि इथं राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक होते. ‘स्वामी’कार रणजित देसाई कोवाडचे. आमच्या तरुणपणी ही मोठी माणसं रस्त्यानं जाताना दिसायची. आम्ही लांबून बघायचो. बोलायची छाती व्हायची नाही.

त्या काळी वाचनालयाच्या खिडकीपलीकडं बसलेले गृहस्थ माझ्या तोंडाकडं बघायचे, मागच्या खेपेचं पुस्तक किती दिवसांत परत आलंय ते बघायचे, आणि मग पुस्तक काढून द्यायचे. चिठ्ठीवर मी वेगळंच नाव लिहिलेलं असायचं. कधी म्हणायचे, “हे आत्ता नको, दोन वर्षांनी ने.” मला राग यायचा. त्या माणसाला पुस्तकांइतकाच वाचणाराही कळत होता, हे मला फार उशिरा समजलं. ते कसं समजलं, तेच आज सांगायचं आहे.

बँकेतल्या मंडळींना माहीत आहे, लॉकरला दोन किल्ल्या असतात. एक बँकेची, एक ग्राहकाची. बँकेची किल्ली कितीही फिरवली तरी लॉकर उघडत नाही. ग्राहकानं आपली किल्ली घेऊन त्या वेळेला समोर उभं राहावं लागतं. ही गोष्ट मी रोज करत होतो. पण पुस्तक देताना विसरलो.

आपल्या सोसायटीत एक सर आहेत. हायस्कूलमध्ये शिकवत होते. नाव घेत नाही, ते दुसऱ्या रांगेत बसलेले आहेत. हे सांगायला त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांनी एकच अट घातली, की वहिनींबद्दल फार बोलायचं नाही. तर फार बोलत नाही. २००९ साली वहिनी आजारी पडल्या. आजार मोठा होता. आम्ही सगळे आपापल्या परीनं करत होतो. कुणी डबा देत होतं, कुणी गाडी काढत होतं. मी काय केलं? त्याच आजारातून बऱ्या झालेल्या एका माणसाचं पुस्तक आणलं आणि सरांच्या हातात दिलं. म्हटलं, “जरूर वाचा. धीर येईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुस्तक माझ्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवलेलं होतं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पुढं महिन्याभरात वहिनी गेल्या. सर माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. जिन्यात भेटले तर मान हलवायची, एवढंच. असं वर्षभर चाललं.

मला वाटायचं, आपण चांगल्या भावनेनं दिलं, यात चुकलं काय? माझ्या घरच्यांनीच मला विचारलं, “कर्ज देताना माणसाची किती चौकशी करता? उत्पन्न काय, घरात किती माणसं, जामीन कोण. मग पुस्तक देताना काय चौकशी केलीत?” काहीच केली नव्हती. ज्या घरात डॉक्टरांनी आशा सोडलेली आहे, तिथं मी बऱ्या झालेल्या माणसाचं पुस्तक नेऊन दिलं होतं. पुस्तक चांगलं होतं. लेखकाचा काही दोष नाही, म्हणून नावही सांगत नाही. पण मी पुस्तकाची शिफारस केली आणि समोरच्या माणसाकडं बघितलंच नाही.

त्यानंतर मी “जरूर वाचा” म्हणायचं सोडलं. आधी विचारायचं, “सध्या काय चाललंय? झोप लागते का? काय वाचत होता?” आणि मग जमलं तर एखादं नाव घ्यायचं.

२०१७ साली आमच्या घरात तीच वेळ आली. फार लांबलं नाही, चार दिवसांत सगळं झालं. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले, मुलगा आणि सूनबाई कामाला लागले. मी दुपारी पेपरसुद्धा उघडायचो नाही. कट्ट्याला जायचं सोडलं, रजिस्टर दुसऱ्यांकडं दिलं. एक दिवस संध्याकाळी सर आले. बसले. चहा घेतला. पंधरा-वीस मिनिटं दोघंही काही बोललो नाही. निघताना पिशवीतून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “कपाटातलं आहे. तुमच्या नावावर लिहून आणलंय. वाचलं नाही तरी चालेल, असू द्या इथं.”

ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’.

मी ते कॉलेजात असताना वाचलेलं होतं. तेव्हा त्यातलं सोवळं-ओवळं आणि विनोद तेवढे लक्षात राहिले होते. आता पुन्हा उघडलं तर वेगळंच पुस्तक निघालं. शाळेत न गेलेली ही बाई. नवऱ्यानं अक्षरओळख करून दिलेली. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले. त्यांच्यामागं लक्ष्मीबाईंनी या आठवणी लिहिल्या आणि १९३४ पासून त्या भागाभागानं पुस्तकरूपात आल्या. नवरा मोठा कवी, पण घरात कसा? हातातले पैसे दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा, लहरी, क्षणात तापणारा आणि क्षणात निवळणारा. १८९५ साली त्यांनी धर्म बदलला, तेव्हा संसारच दुभंगला. पाच वर्षांनी बाई स्वतःच्या विचारानं त्यांच्या वाटेला गेल्या. एवढं सगळं सोसलेली बाई, पण लिहिताना कुठं रडगाणं नाही. नवऱ्याच्या चुका ती हसत हसत सांगते. आणि त्या सांगण्यातूनच कळतं, की हा माणूस आता नाही, आणि तो हिला किती हवा होता.

मंडळी, ते वाचताना मला आमच्या घरातला आवाज ऐकू यायला लागला. “बँकेच्या किल्ल्या बऱ्या लक्षात राहतात, घराची किल्ली तेवढी विसरता.” “भाजी आणायला गेलात आणि पुस्तक घेऊन आलात.” आयुष्यभर मी ज्या तक्रारी कंटाळून ऐकल्या, त्या तक्रारी करणारं माणूस गेल्यावर घर किती गप्प होतं, हे त्या पुस्तकानं मला सांगितलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट रडलो. आणि त्या रात्री झोपलो.

सरांना नंतर विचारलं, “तुम्हाला कसं सुचलं हेच पुस्तक द्यायचं?” ते म्हणाले, “मला तुमच्या घरातलं बोलणं माहीत होतं. भिंतीपलीकडंच राहतोय की इतकी वर्षं.” मी पुस्तक दिलं होतं एका आजाराला. सरांनी दिलं ते मला. एवढाच फरक.

आता पुराकडं येतो. ऑगस्ट २०१९. आठवण काढली तरी अंगावर काटा येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आपलं पार्किंग गेलं, मोटर रूम गेली, तळमजल्यावरचं ऑफिस गेलं. वरच्या मजल्यांवरची आपण सगळी एका कुटुंबासारखी राहिलो. कुणाच्या घरी भात, कुणाच्या घरी आमटी. तळमजल्यावरच्या तीन घरांना आपण वर घेतलं, पण कपाटाची आठवण कुणालाच झाली नाही. व्हायचं कारणही नव्हतं, माणसं महत्त्वाची होती.

पाणी उतरल्यावर ऑफिस उघडलं. गुडघाभर चिखल. कपाटाचं दार उघडेना. आम्हाला वाटलं कुलूप गंजलं. कुलूप गंजलं नव्हतं. पुस्तकं पाणी पिऊन फुगली होती आणि एकमेकांत गच्च बसून त्यांनी दार आतून आवळून धरलं होतं. शेवटी दार तोडलं. दोनशेच्या आसपास पुस्तकं होती. वरच्या खणातली थोडी बरी होती. पानांमध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून पंख्याखाली, सावलीत वाळवली. उन्हात ठेवायची नाहीत हे आम्हाला सरांनी सांगितलं, नाहीतर कागद वाकडा होतो. पण गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांची तर वीटच झाली होती, एक पान सुटेना. बुरशी चढली होती. कट्ट्यावरच्या वहिनी एकेक पुस्तक हातात घेऊन नाव वाचत होत्या आणि बाजूला ठेवत होत्या. मढ्याला खांदा द्यावा तसं ते काम आम्ही केलं.

रजिस्टर वाचलं, कारण ते ज्यांच्याकडं होतं ते चौथ्या मजल्यावर राहतात. ते उघडून बसलो. बघतो तर सदतीस पुस्तकं त्या दिवशी कपाटात नव्हतीच. कुणाकुणाच्या घरी होती. मुदत संपलेली, दंड चढलेला, मी असतो तर तगादा लावला असता अशी. एकेक करून लोक ती घेऊन आले. आपले त्या वेळचे वॉचमन, हातकणंगल्याकडचे. त्यांना मी शंकर पाटलांच्या कथांचं पुस्तक दिलं होतं. रात्री केबिनमधून एकट्यानं हसण्याचा आवाज यायचा, तेव्हा पहिल्या मजल्यावरून तक्रार आली होती, ती याच पुस्तकामुळं. “साहेब, आमच्याच गावातलं कोणतरी लिवलंय ह्ये,” असं ते म्हणाले होते. शंकर पाटील पट्टण कोडोलीचे, म्हणजे बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. पाणी आलं तेव्हा त्यांचं अंथरूण भिजलं, डबा वाहून गेला, पण पुस्तक कॅरीबॅगेत बांधून वर आणून दिलं.

आणि अडतिसावं पुस्तक माझ्या टेबलावर होतं. ‘स्मृतिचित्रे’. दोन वर्षं मी परत केलेलं नव्हतं. बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीएत जातं. त्या हिशोबानं मी सोसायटीतला सगळ्यात मोठा थकबाकीदार. आणि माझ्या थकबाकीमुळं ते पुस्तक शाबूत राहिलं.

त्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी बोलून गेलं, “जी वाचायला नेली होती, तीच वाचली.” सगळे हसले, पण ते खरं होतं. आम्ही कपाट जपत होतो, कुलूप जपत होतो. कुलपातली गेली. शेजाऱ्याच्या उशाला असलेली राहिली.

हे फक्त आपलंच नाही. नाशिकच्या विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडं जाते, आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, तिथं तर गावातल्या घरांमधूनच पुस्तकं ठेवली आहेत. तुम्ही ओट्यावर बसा आणि वाचा. पुस्तक माणसांत राहिलं पाहिजे, एवढंच सगळ्यांचं म्हणणं.

आता सूनबाईंनी दिलेली सवलत वापरतो. सध्या काय वाचतोय आणि कुणाला काय सुचवीन, थोडक्यात सांगतो.

२०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं कोल्हापुरात आलं. आपण सगळे खूश झालो. झालंच पाहिजे. इतकी वर्षं त्याची वाट बघितली. पण ज्यांनी त्या आनंदात पेढे वाटले, त्यांना मी दोन कादंबऱ्या सुचवतो. एक विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’, तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. दुसरी पन्हाळ्याकडच्या कृष्णात खोतांची ‘रिंगाण’, तिला २०२३ चा. दोन्ही धरणात गाव गेलेल्या माणसांच्या आहेत. ‘रिंगाण’मध्ये मागं राहून रानटी झालेली म्हैस आहे. तिच्यामागं फिरणारा माणूस वाचताना मला ऊर भरून आला. नळ सोडल्यावर ते पाणी कुणाच्या चुलीवरून आलंय, हे त्या दिवसापासून माझ्या मनात येतं.

मुलांच्या मार्कांवरून घरात रोज भांडण होतं, अशा आईवडिलांना कागलच्या आनंद यादवांची ‘झोंबी’. शेतात राबवणाऱ्या बापाच्या हातून शाळा सोडवून घ्यायला त्या पोराला काय काय करावं लागलं, ते वाचा, आणि मग पोराला क्लासला किती वाजता सोडायचं ते ठरवा.

विज्ञान शाखेच्या पोरांना जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’. ते जन्मानं आपल्या कोल्हापूरचे, १९३८ चे. २०२५ च्या मे महिन्यात गेले. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही त्यांची चार नगरं. एवढा मोठा माणूस किती सरळ मराठीत लिहितो, ते बघा.

बँकेत नवीन लागलेल्यांना नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’. मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ होतो, त्यामागं त्या बापानं काय केलं होतं ते त्यात आहे.

ज्यांची नजर कमी झाली, त्यांनी वाचन संपलं असं समजू नये. खांडेकरांची दृष्टी शेवटच्या काळात गेली होती. तरी त्यांचं वाचन-लेखन थांबलं नाही. कुणी वाचून दाखवायचं, कुणी लिहून घ्यायचं. आपल्याकडं सुट्टीला नातवंडं येतात. त्यांना मराठी वाचायची सवय नाही, आपल्याला दिसत नाही. दोघांचं काम एका तासात होतं.

आणि आता बालमित्रांनो, तुमचं. गेल्या मे महिन्यात तुमच्यातल्याच एकानं मला गच्चीवर गाठलं. म्हणाला, “आजोबा, तुम्ही सारखं आम्हाला सांगता हे वाच, ते वाच. आम्ही काय वाचालोय ते कधी विचारलं काय?” विचारलं नव्हतं. त्यानं मला हॅरी पॉटरचा पहिला भाग दिला. मी मराठी अनुवाद मागवला. बहात्तर वर्षांचा संसारी माणूस, चेटूक-मंतर वाचत बसलो. सुरुवातीची पानं रेटली. मग त्यात एक बँक आली. खाली भुयारात तिजोऱ्या, आणि कारभार बुटक्या गॉब्लिन लोकांच्या हातात. काउंटरवरचा तो गॉब्लिन चष्म्यातून ग्राहकाकडं असा बघतो, की मला आमच्या एका जुन्या हेड कॅशियरची आठवण झाली. तिथून पुढं मी ते पुस्तक खाली ठेवलं नाही. त्या मुलाला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, “बघा, मी सांगत होतो.” तो आता माझ्याकडून ‘फास्टर फेणे’ घेऊन गेलाय. अर्ध्यात सोडलं तर तसं सांगायचं, असं आमचं ठरलंय.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. आपण मोठी माणसं पुस्तक आवडलं नाही हे सांगत नाही. “छान आहे, सावकाश वाचतोय,” म्हणतो. मग देणाऱ्याला कळत नाही आणि पुढच्या वेळी तो तसलंच दुसरं देतो. मीही कितीदा असं केलंय. सरांनी माझं पुस्तक कडीला अडकवून परत केलं, त्याचं तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आज वाटतं, “वाचतोय” म्हणून त्यांनी ते घरात ठेवलं असतं, तर मी आणखी चार घरांत तीच चूक केली असती.

समितीनं नवीन कपाट मंजूर केलंय. ते पहिल्या मजल्यावर जिन्याजवळ, उंचावर असेल. चेअरमनसाहेबांचे आभार. पण माझी विनंती आहे, की ते भरलेलं दिसू नये. प्रत्येक घरानं आज एक पुस्तक द्यावं, नवं नको, स्वतः वाचलेलं. आत एक चिठ्ठी ठेवावी: हे कुणाला द्यावंसं वाटतं आणि का. नाव लिहायचं नसेल तर ‘जिची मुलगी परगावी गेलीय तिच्यासाठी’ एवढं लिहिलं तरी पुरे. आणि नव्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवलाय, ‘कसं वाटलं’. ‘सोडून दिलं’ असं लिहिलं तरी चालेल, कुणी विचारणार नाही.

माझ्याकडून आजचं पुस्तक हे. ‘स्मृतिचित्रे’. आठ वर्षांनी परत करतोय. दंडाचा हिशोब केला, चारशे रुपयांच्या वर जातो. पाचशेची नोट आणली आहे, सुट्टे परत देऊ नका. त्या पैशात कट्ट्यासाठी एक दिवाळी अंक घ्या.

चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे. ज्यांच्यासाठी आहे, ते नुकतेच एकटे झाले आहेत आणि आज खाली आलेले नाहीत. जेवण झाल्यावर मी आणि सर दोघं मिळून त्यांच्याकडं जाणार आहोत. बसू, चहा घेऊ. पुस्तक टेबलावर ठेवू. वाचलं तर वाचलं.